रविवारी इथेच वाचा

"पोरगा कुठचा हाय व?"

शेजारच्या शकुंतलाकाकूंनी फाटक उघडायच्या आधीच विचारलं. त्यांच्या हातात वाटी होती आणि वाटीत साखर. मी नुकतीच गच्चीवरून खाली उतरले होते, इअरफोन अजून कानातच होते.

"कोणता पोरगा, काकू?"

"आता लपवतं काय? साऱ्या गल्लीनं वाचलं." त्यांनी माझ्या तोंडात चिमूटभर साखर कोंबली. "शीतलचं जमलं ना? लय चांगलं झालं माय. लोकं काहीबी म्हनोत, देवाले काळजी असते."

मी साखर तोंडात तशीच ठेवून बाहेर धावले आणि आमच्या घराकडे वळून पाहिलं.

रस्त्याकडची आमची भिंत पांढरीशुभ्र होती. दर्यापूरच्या त्या रस्त्यावर तेवढी पांढरी भिंत दुसरी नव्हती. आता तिच्यावर वर गणपती होता, दोन बाजूंना कलश, केळीचे खुंट, आणि मधे लाल-पिवळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं:

आमच्या घरी लग्न ठरलं!
नवरा कोण? नवरी कोण?
येत्या रविवारी इथेच वाचा.

त्याखाली एक मोठी चौकट रिकामी सोडलेली होती, आणि अगदी तळाशी: 'आपले नम्र, समस्त वानखडे परिवार'.

मी ते दोनदा वाचलं आणि माझं डोकं भडकलं. मला राग लवकर येतो. आई म्हणायची, ही पोट्टी दूध उतू जायच्या आधी स्वतः उतू जाते. पण त्या दिवशीचा राग वेगळा होता, तो आजही पुरता निवलेला नाही.

ही भिंत मी दिली होती.

अमरावतीला पदवी झाली, हॉस्टेल सुटलं आणि मी दर्यापूरला घरी परतले. पुण्याच्या एका जाहिरात कंपनीत मला घरबसल्या इंटर्नशिप मिळाली होती. आम्ही तिघंजण होतो, तीन गावांतले, आणि आमच्यातल्या एकालाच पुढे नोकरी मिळणार होती. ती मला हवी होती. इतकी हवी होती, की मी कामाला कधी नाही म्हटलं नाही. आमच्या घरात नेट फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे मिळायचं. मी तिथे छत्री बांधून घेतली, खाली पोतं अंथरलं आणि फेब्रुवारीच्या उन्हात बसून पुण्यातल्या थंडगार खोलीतल्या माणसांना "येस रेवा" म्हणायला शिकले. रेवा आमची प्रमुख. तिला मॅडम म्हटलेलं चालायचं नाही. "ए, फक्त रेवा म्हण गं," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आणि मला ती फार आवडली होती.

काम होतं कुकर आणि शेगडी बनवणाऱ्या एका कंपनीचं. लग्नसराईत दोन्ही एकत्र विकायची होती आणि जाहिरात वऱ्हाडातल्या भिंतींवर रंगवायची होती. "तू तिथलीच आहेस, तुमच्याकडे भिंतींचं काय वेगळं असतं ते सांग," असं रेवाने विचारलं, म्हणून मी सांगितलं. आमच्याकडे घरात लग्न निघालं की दर्शनी भिंतीवर पेंटर बोलावून गणपती काढतात, अमुक संग तमुक असं नवरानवरीचं नाव लिहितात. ती अक्षरं पुसायची नसतात. घरात पुढचं लग्न निघेपर्यंत ती तशीच राहतात. कोणाच्या घरी शेवटचं लग्न कधी झालं, हे आमच्याकडे भिंतीवरून कळतं.

"किती गोड," रेवा म्हणाली होती.

त्याच वेळी मी हेही सांगितलं होतं, आणि दोनदा सांगितलं होतं, की जाहिरात तसली नको. घरावर तसं लिहिलं तर लोक खरं समजतील. रेवाने मान हलवली होती. मग मी एक ओळ लिहिली, 'आज सैपाक कोनाचा?' बाजूला कुकर, शेगडी आणि शेगडीपुढे बाह्या सरसावलेला नवरा. रेवा म्हणाली, एकदम पक्कं. मी उड्या मारत खाली गेले आणि शीतलताईला ती ओळ वाचून दाखवली. ताई हसली. वर्षभरात ती तशी हसली नव्हती.

कारण वर्षभरापूर्वी आमच्या भिंतीवर ताईचं लग्न लिहिलेलं होतं. 'चि. नितेश संग चि. सौ. कां. शीतल.' हळदीच्या आदल्या दिवशी ते लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी मोडलं, असं बाबांनी सगळ्यांना सांगितलं. मी तेव्हा परीक्षेसाठी हॉस्टेलवर होते, मलाही फोनवर तेवढंच कळलं. बाबा एसटी डेपोत मेकॅनिक. त्यांनी कोणाला न बोलावता स्वतःच भिंतीवर चुना मारला. चुन्यातून अक्षरं पुन्हा वर आली. मग डिस्टेंपर दिला, त्यातूनही 'शीतल' दिसायचंच. शेवटी त्यांनी पांढरा ऑइलपेंट आणून दोन हात दिले, तेव्हा कुठे ते नाव दबलं. म्हणून आमची भिंत इतकी पांढरी होती.

आणि जाहिरातीला भिंत द्यायला ताईनेच सांगितलं होतं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, दिवसभर लोकांचं रक्त काढायची. घरी येताना तिला त्या भिंतीपुढूनच यावं लागे.

"लोकं आंधी भितीकडे पाहतात आन् मंग माह्याकडे," ती म्हणाली होती. "त्याइले वाचाले दुसरं काही तरी दे, प्रांजली."

ते दुसरं काही तरी आता माझ्यासमोर होतं.

व्हरांड्यात पेंटरची शिडी टेकवलेली होती, रंगाचे डबे झाकून ठेवलेले होते. रविवारी उरलेलं काम करायला ते परत येणार, हे उघडच होतं. ते येऊन गेले तेव्हा मी गच्चीवर, ग्राहकाचं मन कसं ओळखावं यावर रेवाचं व्याख्यान ऐकत होते. आई अकोटला मामाकडे गेलेली. पेंटरना पुण्याहून मोबाइलवर चित्र आलं असणार, 'समस्त' आणि 'परिवार' यांच्या मधल्या जागेत त्यांनी दारावरच्या पाटीवरचं आडनाव भरलं.

"आन् गुलाबरावच्या चक्कीवरबी हेच लिहेल हाय," काकू मागून म्हणाल्या. "मी म्हटलं, या वयात बुढ्याले काय सुचलं."

गुलाबराव सत्तरीचे, बायको जाऊन दहा वर्षं झालेले. पुढे कळलं की त्यांना सगळ्या गावाने चिडवलं आणि ते त्यात खूश होते. त्यांचं बरं होतं.

तेवढ्यात बाबांची सायकल आली. ते उतरले आणि सायकल हातात धरूनच त्यांनी भिंत वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तुया कंपनीचं काम?"

"बाबा, मी हे लिहिलं नाही. मी आता फोन करते."

"शीतल घरी याच्या आंधी पुसलं पाहिजे," ते एवढंच म्हणाले आणि मागच्या अंगणात चुन्याची बादली शोधायला गेले.

मी दोन-दोन पायऱ्या चढत गच्ची गाठली. रेवाने लगेच व्हिडिओ लावला. तिच्या मागे काचेची भिंत होती आणि काचेवर रंगीत चिठ्ठ्या.

"प्रांजली! फोटो बघितले आत्ता. काय दिसतंय ते!"

"रेवा, आपलं ठरलं होतं ते हे नाही. माझी ओळ कुठे गेली?"

"अगं, क्लायंटला आधी उत्सुकता हवी होती. टीझर. म्हणजे आधी प्रश्न टाकायचा, रविवारी उत्तर. 'चि. कुकर संग चि. सौ. कां. शेगडी.' तुझाच इन्साइट आहे हा, तुझं नाव मी मीटिंगमध्ये घेतलं."

"इथे लोक साखर घेऊन दारात आलेत. त्यांना वाटतंय माझ्या बहिणीचं लग्न ठरलं."

रेवा टाळ्या वाजवायची तेवढी बाकी राहिली. "मग जमलं की! हेच तर हवं होतं."

मग मी तिला ताईचं सगळं सांगितलं. भिंतीवरचं नाव, हळदीचा आदला दिवस, चुना, ऑइलपेंट. सांगताना मला वाटत होतं, आता हिचा चेहरा बदलेल. आणि तो खरंच बदलला. तिचे डोळे भरून आले.

"ओह माय गॉड," ती म्हणाली. "सॉरी, यार. खरंच सॉरी." तिने डोळे टिपले. "पण प्रांजली, ऐक ना. ही किती ताकदीची गोष्ट आहे. जिचं लग्न मोडलं, तिच्याच भिंतीवर... अगं, क्लायंट रविवारी येतोय, कॅमेरा येतोय. तुझी बहीण दोन मिनिटं बोलेल का? नुसती भिंतीसमोर उभी राहून. मी तुला आत्ताच सांगते, नोकरी तुझीच. बाकी दोघांना मी कळवून टाकते. फक्त रविवारपर्यंत भिंतीला हात लावू नकोस."

त्या बाईला रडू खरंच आलं होतं, याचाच मला सर्वांत जास्त संताप आला. आणि ज्या नोकरीसाठी मी महिनाभर उन्हात बसले होते ती माझ्यापुढे उघडी ठेवलेली होती, आणि मला ती त्या क्षणीही हवी होती. हेही खरंच आहे.

"विचारून सांगते," मी म्हटलं आणि फोन बंद केला. तोंडातली साखर केव्हाच विरघळली होती, गोडपणा मात्र जिभेवर चिकटून बसला होता. मी टाकीच्या नळाला तोंड लावून खळखळून चूळ भरली.

खाली आले तेव्हा ताईची स्कूटी फाटकाशी उभी होती. ताई अजून तिच्यावरच बसलेली, हेल्मेट डोक्यात. भोवती चार-पाच बायका जमल्या होत्या. बाबा चुन्याची बादली घेऊन भिंतीपाशी उभे होते, कुंचला बुडवलेला, पण हात वर गेलेला नव्हता. बायकांसमोर पुसावं तर विचारतील, न पुसावं तर ताई वाचतेय. त्यांना काही सुचत नव्हतं.

"ताई, ती जाहिरात आहे," मी ओरडूनच सांगितलं. "कुकरची. त्यांनी मला न विचारता बदललं. कोणाचं काही ठरलेलं नाही."

बायकांचे चेहरे पडले. शकुंतलाकाकूंनी वाटी पदराखाली घेतली, आणि मग त्यांना दया आली. आमच्या गल्लीत दया आली की तोंड बंद राहत नाही.

"जाऊ दे व माय," त्या ताईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "तू नको वाईट वाटून घेऊ. त्याइनं सोडलं तुले, त्यात तुया काय दोष? कोनी तरी भेटनच. एखादा बिजवर का होईना."

ताईने हेल्मेट काढलं. ते हळूच आरशाला अडकवलं.

"कोनं सोडलं, काकू?"

"आता... पोरावाल्याइनं."

ताईने काकूंकडे पाहिलंच नाही. ती बाबांकडे पाहत होती.

"सांगा, बाबा. कोनं सोडलं?"

बाबा बादलीत पाहत राहिले.

"वरीस झालं," ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "वरीसभर मी या भितीपुढून खाली मान घालून जाऊन राह्यली. नितेश अन् त्याची माय लॅबमध्ये आले होते. पेशंट बाहेर बसेल होते, आत आयकाले कोनी नव्हतं. त्याची माय म्हने, लग्न झाल्यावर परक्या मानसाइचे हात धरून रक्त काढनं आमच्या घरात चालत नाही. मी नितेशले इचारलं, तुयं काय म्हननं? तो म्हने, आई म्हनते तसं कर. मी तिथंच त्याले सांगतलं, मंग लग्न नाही. मी सांगतलं, काकू. मी मोडलं."

मला हे माहीत नव्हतं. वर्षभर मी त्या नितेशला मनातल्या मनात शिव्या घालत होते, आणि माझी बहीण माझ्या शिव्यांची वाट न बघता त्याला स्वतःच नकार देऊन मोकळी झाली होती.

"पोट्टीनं मोडलं म्हटलं असतं, तं पुन्हा कोनी आपला उंबरा चढलं नसतं," बाबा बादलीलाच सांगत असल्यासारखे म्हणाले. "म्हनून म्या..."

"मंग चढलं का कोनी?"

बाबांनी कुंचला बादलीत सोडून दिला.

"त्याइनं टाकलेली म्हनून लोकं माह्याकडे पाहतात, बाबा. सुई टोचताना पेशंट इचारते, पोरी, काय झालं होतं व? आन् मी म्हनतो, काही नाही. तुमच्यासाठी म्हनतो."

मला बाबांचाही राग आला. रेवाचा, काकूंचा, बाबांचा, स्वतःचा, सगळ्यांचा एकदम. मी व्हरांड्यात गेले, लाल रंगाचा डबा उघडला, पेंटरचा ब्रश घेतला आणि शिडी ओढत भिंतीपाशी आणली.

"काय करतं?" ताईने विचारलं.

"चौकट रिकामी आहे. रविवारची वाट कशाला बघायची? सांग, काय लिहू?"

ताईने त्या चौकटीकडे पाहिलं. बाबांनी मान वर केली. मला वाटलं ते आता ब्रश हिसकावून घेणार.

"तू सांग," ताई म्हणाली. "जाहिरातवाली तू हायेस."

मी शिडीवर चढले. शिडी एका बाजूला डुगडुगत होती. मी मनात जुळवलं आणि मोठ्याने म्हणून दाखवलं, "या घरातल्या मुलीने स्वाभिमानासाठी आपलं ठरलेलं लग्न स्वतः मोडलं, याचा वानखडे परिवाराला..."

"लय लांबन लागली," ताई म्हणाली. "गाडीवरून जाताना वाचता आलं पाहिजे."

रेवा मला महिनाभर हेच सांगत होती आणि मला ते कधी कळलं नव्हतं.

"मंग?"

"ठरलं होतं. मी मोडलं. आन् खाली मायं नाव."

मी ब्रश बुडवला. तेवढ्यात शिडीचं डुगडुगणं थांबलं. खाली पाहिलं तर बाबांनी बादली बाजूला ठेवली होती आणि दोन्ही हातांनी शिडी धरली होती. ते वर पाहत नव्हते. पण धरलेली होती.

मी लिहिलं. अक्षर माझं बरं आहे. 'ठरलं होतं. मी मोडलं. - शीतल वानखडे.' 'शीतल' लिहिताना ब्रशखाली जुन्या अक्षरांचे उंचवटे लागत होते, ऑइलपेंटखाली ती अजून होती. शकुंतलाकाकूंनी ते पुटपुटत वाचलं, दोनदा वाचलं, आणि वाटी घेऊन काही न बोलता गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी साऱ्या गावाला सांगितलं, हे निराळं सांगायला नको. त्यासाठी भिंतीची गरजही नव्हती.

मी भिंतीचा फोटो काढून रेवाला पाठवला. खाली लिहिलं, उत्तर.

थोड्या वेळाने तिचा निरोप आला. आधी तीन हृदयं. मग: 'अंगावर काटा आला. काय बहीण आहे तुझी! पण यात लोगो कुठे बसवायचा?'

मी उत्तरादाखल जे लिहिलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. ते शुद्ध वऱ्हाडीत होतं. त्यातलं किती तिला कळलं कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत मला कामाच्या ग्रुपमधून काढलेलं होतं. प्रमाणपत्र आलं नाही. नोकरी आमच्यातल्या दुसऱ्या एकाला मिळाली. मी गच्चीवरची छत्री सोडवून आणली, पोतं झटकलं आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडले. नोकरीसाठीच रडले, उगाच मोठेपणा सांगत नाही.

रविवारी पेंटर आले, त्यांच्या मागे कॅमेऱ्याची गाडीही आली. बाबा सकाळपासून भिंतीसमोर लोखंडी खुर्ची टाकून बसलेले होते, अंगात डेपोचा खाकी सदरा.

"काका, उरलेलं लिहायचं आहे," पेंटर म्हणाला.

"भरली भित," बाबा म्हणाले. "तुयी शिडी घेऊन जा."

याला आता बरीच वर्षं झाली. मी नागपूरला असते, जाहिरातीच्याच धंद्यात. माझी स्वतःची छोटी कंपनी आहे आणि भिंत रंगवायच्या आधी मी स्वतः जाऊन त्या घरात चहा पिते. ताई आता त्याच लॅबची मालकीण आहे. लग्न तिने केलं नाही. दोन स्थळं आली होती, दोन्ही भिंत वाचून आलेली. तिने त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

मागच्या हिवाळ्यात माझं लग्न ठरलं. घरी रिवाजाप्रमाणे पेंटर आला. त्याने भिंत पाहिली, हाताने चाचपली, आणि बाबांना म्हणाला, "काका, पुढचं लग्न निघालं, म्हनजे आता हे जुनं पुसाचं ना? त्याच जागी घेतो. रस्त्यावरून दिसते चांगलं."

बाबांना आता कमी ऐकू येतं. पण हे त्यांनी ऐकलं. ते खुर्चीतून उठले, काठी टेकत भिंतीपाशी गेले आणि ताईच्या ओळीवर तळवा ठेवून उभे राहिले.

"हिचं घराच्या मांगच्या बाजूनं लिह," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "हे पुसाचं नाही."